चिमट्याच्या टोकावर

नसरापूर मागे टाकून गाडी वेल्ह्याच्या रस्त्याला लागली की या दिवसांत वास येतो. दोन्ही अंगांना इंद्रायणी पिकायला आलेली असते, लोंब्या वाकलेल्या असतात, आणि वाऱ्याची एक झुळूक आली की शिजत्या भातावरचं झाकण कुणीतरी उचलल्यासारखं वाटतं. पुण्याकडची माणसं गाड्या बाजूला घेऊन फोटो काढतात. मी मात्र पदर नाकाला लावते. दोन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, मी माझ्या उजव्या हाताला घाबरायला शिकले. तेव्हापासून त्या वासाची आणि त्या भीतीची गाठ बसली आहे, आणि ती काही केल्या सुटत नाही.

आधी सरळ सांगून टाकते. माझ्या आईला कंपवात होता. मी आरोग्यसेविका आहे, राहते भोरला, आणि किकवीच्या अंगाला एका उपकेंद्रात नोकरी करते. माझं सगळं काम हाताचं. दीड महिन्याच्या लेकराच्या मांडीत सुई टोचायची, तीही अशी की त्याच्या आईनं डोळे उघडायच्या आत बाहेर यावी. असा हात थरथरायला लागला तर माझ्याजवळ उरतं काय? हाच एक प्रश्न त्या वर्षी दसऱ्यापासून पार थंडी पडेपर्यंत माझ्या उशाशी बसून होता.

आई विंझरची, वेल्ह्याच्या त्याच रस्त्यावरच्या गावची. बालवाडीत शिकवायची. त्यामुळे गावातल्या बायकांत मनगटी घड्याळ तिचं एकटीचंच होतं. लहानसं, चावीचं, पिवळट पडलेल्या तबकडीचं. शेवटच्या वर्षांत ती पडवीत बसून राहायची, हात मांडीवर टाकून, आणि उजव्या हाताचा अंगठा शेजारच्या बोटावर सारखा फिरत राहायचा, वात वळावी तसा. येणारीजाणारी माणसं हात जोडायची. "म्हातारीचा जप चाललाय," म्हणायची. आई हसायची आणि हातावर पदर ओढून घ्यायची. मला जपमाळ दिसली की अजून बरं वाटत नाही.

ती गेल्यावर घड्याळ माझ्याकडे आलं आणि मी ते रोज घालायला लागले. आमच्या कामाला सेकंदकाटा लागतोच. बाळाला खोकला असला की त्याच्या पोटाकडे बघत श्वास मोजायचे असतात, आणि तेव्हा मोबाईल चाचपत बसायला जमत नाही. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला. शिवऱ्याकडून गाडीवर येताना एका सरीनं मला गाठलं, आणि घरी येऊन बघते तर काचेच्या आतून धुकं धरलेलं.

त्याच आठवड्यात मी विंझरला गेले होते. भावाकडे भात झोडून खळ्यात रास पडली होती. माझी भावजय शालन, हिच्या हातात अडचण द्यायची खोटी, तिनं तोडगा काढलाच म्हणून समजा.

"वन्सं, द्या हिकडं ते घड्याळ," ती म्हणाली. "ह्यांचा मोबाईल भिजला व्हता तवा तांदळात ठिवला. दुसऱ्या दिशी चालू."

"अगं, ते जुने तांदूळ होते. हे भात आहे, आत्ता झोडलेलं."

"भात काय नि तांदूळ काय, एकाच आईची लेकरं."

आणि तिनं कोपरापर्यंत हात घालून आईचं घड्याळ राशीच्या पोटात खुपसलं. मीही गप्प बसले, कारण माहेरी गेलं की माझी अक्कल उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ काढलं तर ते कोमट लागत होतं आणि काचेच्या आत दवाचे थेंब उभे होते. काटे थांबले होते. भाऊ राशीत हात घालून बघत होता, तो शालनकडे बघून म्हणाला, "आगं, वल्या भातात ठिवलंस व्हय? त्येचाच घाम अजून वाळला न्हाई, त्यो घड्याळाचा काय पुसनार?"

सगळे हसले. मीही हसले. परत येताना मात्र सबंध रस्ताभर ते थांबलेलं घड्याळ मुठीत धरून बसले होते.

भोरच्या बाजारात घड्याळवाला आहे, पण त्यानं नुसतं बघितलं आणि मान हलवली. सेलचं असेल तर आत्ता देतो, चावीच्याला हात लावत नाही म्हणाला. पुण्याला द्या, म्हणाला. आईचं घड्याळ कुण्या अनोळखी माणसाच्या खणात महिनोन्‌महिने पडलेलं मला चालणार नव्हतं. आमच्या घरातून मग सल्ला मिळाला. "एवढ्या लेकरांना सुया टोचतेस, घड्याळ काय रडणार आहे? उघड की," हे म्हणाले. ह्यांना वाटलं चेष्टा केली. मी मनावर घेतलं.

आपलं घड्याळ आपण घरीच उघडायचं म्हटलं की कळतं, हत्यारांचं जग केवढं आहे. मोबाईलवर बघितलं तर घड्याळाच्या हत्यारांचा आख्खा संच येतो, काळ्या चेनच्या पाकिटात, आणि त्यातली निम्मी हत्यारं कशाची आहेत हे विकणाऱ्यालाही माहीत नसावं. मी व्हिडिओ बघून शिकले. स्क्रू ड्रायव्हरची धार स्क्रूच्या खाचेच्या रुंदीएवढीच हवी, बारीक घेतली तर सटकते आणि आत ओरखडा काढते. झाकण उचकटायची पाती फार धारदार नको. धूळ तोंडानं फुंकायची नाही, कारण फुंकरीत ओल असते. त्याला रबरी फुगा मिळतो, दाबला की कोरडी हवा सोडणारा. बोटांचा घाम लागू नये म्हणून टोकांवर चढवायच्या रबरी टोप्या मिळतात. हे सगळं वाचताना मला मजा वाटत होती, कारण ही माझ्या कामाचीच भाषा होती. स्वच्छ हात, कोरडी जागा, योग्य मापाची सुई. वाटलं, हे तर आपलंच खातं.

चिमटा तेवढा मी हातानं बघून घ्यायचा ठरवलं. सोनारकामाचं सामान ठेवणारं एक दुकान आहे, तिथे गेले. दुकानदारानं चार-पाच चिमटे कागदावर मांडले. मी सगळ्यांत टोकदार तो उचलला. "तसा नाही निवडायचा ताई," तो म्हणाला, "काहीतरी उचलून बघा." त्यानं एक बारीक काळा मणी कागदावर टाकला, मंगळसूत्रातला असतो तसा. मी चिमटा धरला, मण्याजवळ नेला, आणि टोक हललं.

थोडंसंच. वाऱ्यानं गवताची काडी हलावी तेवढं. मणी सुटून काउंटरखाली गेला. "नवा हात आहे, होईल सवय," दुकानदार म्हणाला आणि दुसरा मणी शोधायला वाकला. त्याचं काही चुकलं नाही. पण मला आईचा अंगठा दिसला. तो चिमटा घेऊन मी बाहेर आले आणि चौकात उभी राहून हात समोर धरला, बोटं फाकवून. माणसं बघत होती. आपण काय करतोय ते कळल्यावर मी उगाच घाम पुसल्यासारखं केलं.

मागचं झाकण पहिल्याच दिवशी निघालं. आतलं मशीन बघून मला रडूच यायचं बाकी राहिलं, इतकं ते नीटस होतं. एवढ्याशा जागेत सगळी चाकं आपापल्या जागी. फुग्यानं हवा मारली, टेबलावरच्या दिव्याच्या उबेत ठेवलं, आणि ओल गेल्यावर फिरकी हलली, थांबली, पुन्हा हलली. पण मशीन जागेवर धरून ठेवणारा एक स्क्रू निखळून बाहेर आला होता. खसखशीच्या दाण्याएवढा. तो उचलून त्याच्या भोकात ठेवायचा आणि दीड-दोन पिळे द्यायचे, एवढंच राहिलं होतं.

तो स्क्रू मला त्या मोसमात बसवता आला नाही.

रोज सकाळी उपकेंद्रात जायच्या आधी खिडकीशी बसायचे. पांढरा रुमाल, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. भिंगातून बघितलं की चिमट्याचं टोक केवढं दिसतं, आणि त्याची थरथर तेवढीच मोठी दिसते. स्क्रू पकडायचा, भोकापर्यंत न्यायचा, आणि ऐन वेळी टोक असं नाचायचं की स्क्रू रुमालावर. आपण घड्याळ दुरुस्त करत नाही हे मला लवकरच कळलं. रोज उठून हाताची परीक्षा घेत होते आणि रोज नापास होत होते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या मागे तो नव्हता, समोर रुमालावर बसलेला होता.

मग मी हत्यारं बदलायला लागले. टोकदार चिमट्यानं जमत नाही म्हणून बोथट टोकाचा मागवला. तो हलका म्हणून जड. मनगट टेकायला लाकडाचा ठोकळा घेतला. मशीन धरून ठेवणारा छोटा शिकंजा घेतला. शेवटी स्क्रूला चिकटवून उचलायची मेणाची काडीसुद्धा आली. प्रत्येक वेळी वाटायचं, दोष हत्याराचा आहे, चांगलं हत्यार आलं की थांबेल. हत्यारं बदलता येत होती म्हणून मी बदलत होते. हात बदलता आला असता तर तोही मागवला असता.

नोकरीवर गेल्यावर भीती पदराआड बसायची, पण उठून जायची नाही. चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरायला लागले. बैठकीत सही करायची वेळ आली की सगळ्यांत शेवटी करायची. इंजेक्शनची सुई मात्र हलली नाही, एकदाही नाही. तरी मला त्याचा आधार वाटेना. आज नाही हलली, म्हणजे उद्या हलेल. एका लसीकरणाच्या दिवशी एक आजी नातीला घेऊन आल्या. बाळ टोचल्यावर हुं की चूं नाही.

"सिस्टर, मी दुसऱ्या कुनाकडं न्हेनार न्हाई बगा हिला," आजी म्हणाल्या. "तुमचा हात लई हलका. रडली बी न्हाई पोरगी."

"अहो आजी, तीच शहाणी आहे."

"न्हाई न्हाई. हातच हाय तसा. द्येव राखू द्या त्येला."

मी हसून पुढच्या बाळाचं नाव पुकारलं. पण ते "द्येव राखू द्या" मला सबंध दिवस पुरलं. घरी जाताना गाडीच्या हँडलवरची माझी मूठ मी इतकी आवळली होती की उतरल्यावर बोटं सरळ होईनात. मग तेही लक्षणच वाटलं. मन चिंती ते वैरी न चिंती, हे लहानपणापासून ऐकत आले होते. वैऱ्याला एवढा वेळ असतो कुठे?

ह्यांनी एका सकाळी मला पकडलं. चहा घेऊन आले आणि मागे उभे राहिले. स्क्रू तिसऱ्यांदा पडला.

"घड्याळ दुरुस्त करतेस की परीक्षा देतेस?" ह्यांनी सहज विचारलं.

मी भिंग काढलं आणि सगळं ओकले. आईचा हात, सोनाराचा मणी, चहाचा कप, सही, सगळं. हे खुर्ची ओढून बसले. चेष्टा करायची ह्यांची सवय, पण त्या दिवशी एक शब्द नाही. फक्त म्हणाले, "एवढं एकटीनं धरून बसलीस? उद्या पुण्याला जाऊ."

पुण्याचे डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होते, वयानं. मला खुर्चीत बसवलं, हात मांडीवर सैल सोडायला सांगितले आणि शंभरातून सात वजा करत मागे मागे यायला सांगितलं. मी वजाबाकीत अडखळत होते आणि ते माझ्या चेहऱ्याकडे न बघता हाताकडे बघत होते. मग चालायला लावलं, मनगटं वाकवून बघितली, कागदावर गोलात गोल काढून घेतले. सगळं झाल्यावर मी चिमट्याचं सांगितलं. ते हसले.

"भिंगाखाली माझाही हात थरथरेल, सिस्टर. कुणाचाही थरथरतो, घाबरलेल्याचा जास्त." मग हसू आवरून त्यांनी विचारलं, "आईंचा हात कधी थरथरायचा? काम करताना, की रिकामा असताना?"

मला एकदम विंझरची सकाळ दिसली. आई चुलीपासून उठून आली आहे, घड्याळ हातात घेते आहे, चिमटीत ती बारीक चावी धरून पिळते आहे. अंगठा गप्प. सगळ्यांत बारीक काम, आणि अंगठा गप्प. मग ती घड्याळ मनगटावर बांधून घेते, हात मांडीवर ठेवते, आणि तिथे, काहीच करायचं नसताना, वात वळायला सुरुवात होते.

"रिकामा असताना," मी म्हटलं.

"मग तुम्ही चुकीच्या वेळी बघत होतात," डॉक्टर म्हणाले. आईला झाला म्हणून मुलीला होतोच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं, दोनदा सांगितलं. "आज तरी मला काही दिसत नाही."

ह्यांनी बाहेर येऊन मोठ्ठा श्वास सोडला आणि मिसळ खायला घातली. मी खाल्ली. पण "आज तरी" हे दोन शब्द तिखटासारखे घशात बसले. आणि येताना एसटीत, कात्रजच्या चढाला, पर्सवर ठेवलेल्या माझ्या हाताकडे लक्ष गेलं. रिकाम्या हाताकडे. तो काही करत नव्हता. त्याच्याकडे मी खेड-शिवापूर येईपर्यंत बघत राहिले. चिमट्याची भीती डॉक्टरांनी काढून घेतली होती आणि तिच्या जागी रिकामेपणाची दिली होती. चिमटा निदान पाकिटात घालून चेन लावता येत होता.

तसा तो लावलाही. काळं पाकीट कपाटात वरच्या फळीवर गेलं, घड्याळ एका डबीत, स्क्रू त्याच्याबरोबर कागदाच्या पुडीत. गेल्या वर्षी याच दिवसांत विंझरहून नव्या तांदळाची पिशवी आली, तेव्हा मी फडताळ आवरायला काढलं, मटार सोलले, गोधडीला टाके घातले. रिकामी म्हणून बसले नाही. शेजारणी म्हणाल्या, काय हुरूप आहे बाईंना. हुरूप कसला, हाताला काम नसलं की मला त्याच्याकडे बघावं लागतं, एवढंच.

यंदा दिवाळीला प्राची, आमची मुलगी, सुट्टीवर आली आहे. पुण्याला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणी तिच्या सगळ्या सुट्ट्या विंझरला गेल्या, आजीचे शेवटचे दिवसही तिनं जवळून बघितले. मी माझ्या हाताचं तिला काही कळू दिलं नव्हतं. विशीतल्या पोरीच्या डोक्यात ही ब्याद कशाला? आमचं तसं ठरलेलंच होतं, ह्यांचं आणि माझं. काल दुपारी फराळाचे डबे काढताना तिनं ते पाकीट खाली घेतलं.

"आई, हे काय गं? एवढी हत्यारं?"

"आजीचं घड्याळ उघडलं होतं. राहिलं तसंच."

"दे, मी बघते."

नको म्हणायला मला कारण सापडलं नाही. ती जमिनीवरच मांडी घालून बसली, रुमाल अंथरला, भिंग लावलं. मेणाची काडी बाजूला सारली, जड चिमटाही सारला, आणि सगळ्यांत आधी सोनाराच्या दुकानातून आणलेला तो टोकदारच उचलला. टोक थोडं हललं. कुणाचंही हलतं. तिनं श्वास धरला, मनगट टेकवलं, आणि स्क्रू भोकात बसला. दोन पिळे दिले. चावी फिरवली, सेकंदकाटा चालायला लागला. तासाभरात मोबाईलशी ताडून बघितलं तर थोडं मागे पडत होतं, म्हणून वेग कमीजास्त करायची आतली बारीक दांडी तिनं काडीच्या टोकानं केसभर सरकवली. मी शेजारी बसून टक लावून बघत होते. चिमट्याकडे बघत नव्हते मी. तिचं काम संपायची वाट बघत होते.

झाकण दाबून बसवलं. तिनं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं आणि पाय पसरून भिंतीला टेकली. दोन्ही हात मांडीवर पडले, सैल. माझे डोळे सरळ तिच्या उजव्या अंगठ्यावर गेले. अंगठा गप्प होता. मी नजर काढून घेतली, पुन्हा गेली.

"बघ, बघ नीट," ती माझ्याकडे न वळताच म्हणाली. "आत्ता काही नाहीये."

मी घाईनं घड्याळाकडे बघितलं. "कशाचं काय नाही?"

"आई, मला माहितीये. मी आले की तुझा हात बघते ना रोज. तू टीव्हीसमोर बसतेस तेव्हा. आजीनं सांगितलं होतं. पडवीत बसली होती, मला जवळ बोलावलं, म्हणाली, माज्याकडं नगं बगू, माजं झालं. तुज्या आयच्या हाताकडं बगत जा, आन्‌ तिला सांगू नगंस, ती भ्याडाय."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. आई अशा सुरातच बोलायची. म्हणजे पदर ओढून घेऊन ती हसत होती तेव्हाही बघत माझ्याच हाताकडे होती.

"आणि तुझा?" मी विचारलं. "तुझा हात कोण बघतं?"

"माझा मी बघते," प्राची म्हणाली.

मी तिचा हात उचलून माझ्या मांडीवर, माझ्या हाताशेजारी ठेवला, आणि आम्ही दोघी कितीतरी वेळ त्या दोन रिकाम्या हातांकडे बघत बसलो.